पोटावरचा हात

बसा.

पलंगाच्या कडेला, ओसरीवर, खुर्चीत, जिथे असाल तिथे. हातात काही असेल तर बाजूला ठेवा. पाठ टेकवा.

एक श्वास आत येऊ द्या. जाईल तेव्हा जाऊ द्या.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू.

साताऱ्याकडचं, कऱ्हाडच्या पुढचं. श्रावणातली दुपार आहे. सर येऊन गेली आहे. पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या गळताहेत. एक पडते. मग जरा वेळाने दुसरी.

ऐका.

माजघरात तुळईला झोळी बांधलेली आहे, पण ती रिकामी आहे. बाळ खाली गोधडीवर झोपलंय. उताणं. दोन्ही हात डोक्याच्या बाजूंना टाकलेले, मुठी अर्ध्या उघड्या. अकरा महिन्यांचं बाळ. डोक्यावर केस नाहीत. भुवया विरळ झाल्यात. झबलं वर सरकलंय आणि पोट उघडं पडलंय.

आज आपल्याला एवढंच बघायचं आहे. हे पोट.

घाई नाही.

पोट वर येतं. पोट खाली जातं.

इतकी लहान मुलं श्वास घेताना छातीपेक्षा पोटच जास्त हलवतात. मोठ्या माणसाचा एक श्वास होतो तोवर यांचे दोन होऊन जातात. म्हणून आपला श्वास त्यांच्याशी जुळवायला जाऊ नका, दम लागेल. तुमचा तुमच्या गतीने चालू द्या. त्याचा त्याच्या.

वर. खाली.

पोटावर एक रेघ आहे. बेंबीच्या वर, एका कुशीपासून जवळजवळ दुसऱ्या कुशीपर्यंत. आडवी. कुठे गुलाबी, कुठे तांबूस. मधोमध किंचित उंचावलेली. टाके दिसत नाहीत. ते आतल्या बाजूने घातलेत, आपले आपण विरघळणारे. डाव्या टोकाला खपलीचा एक कण अजून धरून आहे.

नजर त्या रेघेवर जाते आणि तिथेच अडकते.

अडकू द्या.

आता बघा. रेघही वर येते. रेघही खाली जाते.

काही क्षण इथेच थांबू.

*

या घरातली गोष्ट हातांनी सुरू होते.

आजी न्हाणीत पाटावर बसली आहे. पाय लांब सोडलेत. नडग्यांवर बाळ आहे. तेल कोमट. तळवा मानेपासून पाठीवर, मग बाळ उताणं, मग छाती, मग पोट. हजार वेळा फिरलेला हात. मुलांवर फिरलेला, नातवंडांवर फिरलेला.

तो हात डाव्या बरगडीखाली अडतो.

काहीतरी टणक आहे.

ती पुन्हा फिरवते. पुन्हा अडतो. बाळ पाण्यात हात आपटतंय, हसतंय. आजी कुणाला काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना परत बघते. मग सुनेला हाक मारते, आणि सुनेचा हात धरून तिथे ठेवते.

हा आजार पुष्कळदा असाच कळतो. लेकरू खेळत असतं, खात-पीत असतं, आणि आंघोळ घालताना नाहीतर कपडे बदलताना घरातल्याच कुणाच्या तरी हाताला गाठ लागते. मूत्रपिंडाचा हा कर्करोग. विल्म्स ट्यूमर. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून त्याचं नाव पडलं.

घरात हे नाव कुणी घेत नाही. घरात म्हणतात गाठ. आजीसमोर तर नुसतंच 'ते'. आजीला सगळं ठाऊक आहे.

असू द्या.

एक श्वास.

त्यानंतरचं परळ आपण आज भरभर ओलांडू. टाटा हॉस्पिटल, फाइल, नंबर, रांग. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतला एक कोपरा. फुले योजनेचे कागद, रेशनकार्डाच्या झेरॉक्स. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या ओळखीत कुणीतरी असतंच.

तिथली एकच वस्तू सोबत घेऊ.

बाळाच्या खाटेला चिकटवलेला एक कागद. त्यावर लिहिलंय: पोट दाबू नये.

गाठीवरचं आवरण पातळ असतं. दाब पडून ते फुटलं तर आतल्या पेशी पोटात सांडतात आणि उपचार वाढतात. म्हणून तपासायचं तेही हलक्या हाताने. लंगोट सैल. उचलायचं ते एक हात मानेखाली, एक बुडाखाली. आणि कडेवर घ्यायचं नाही. कडेवर घेतलं की पोट आपल्या कमरेच्या हाडावर टेकतं.

जरा थांबून एवढं बघा. आपल्याकडचं मूल, आणि कडेवर नाही.

चार आठवडे औषध, गाठ आक्रसावी म्हणून. मग ऑपरेशन. गाठ निघाली, तिच्याबरोबर डावं मूत्रपिंड निघालं. आता जखम भरली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, नेहमीसारखं घ्या.

कागद खाटेवर राहिला. हातांवरचा मात्र निघालेला नाही.

आई बाळाला अजून तसंच उचलते, मानेखाली एक हात, बुडाखाली एक हात. आजी न्हाणीच्या दाराशी येते आणि पाणी तापलंय का एवढं विचारून परत जाते. बाबा बाळाच्या पायांशी खेळतात. पायांशीच.

घरात सगळे बाळाच्या जवळ आहेत. पोटाजवळ कुणी नाही.

*

आता तुमचा हात.

उजवा किंवा डावा, कोणताही. तो तुमच्या स्वतःच्या पोटावर ठेवा. बेंबीच्या थोडा वर. कपड्यावरून चालेल.

दाबू नका. टेकवा.

हाताचं वजन पोटाला देऊन टाका.

काय कळतं? ऊब कळते. वर-खाली कळतं. बाकी काही शोधू नका.

शोधायचं नाही, हेच अवघड जातं. हात आपसूक चाचपू लागतो. बोटं खोलात जायला बघतात. तसं झालं तर हरकत नाही. बोटं सैल करा. पुन्हा टेकवा.

आईचा हात आठवा. त्या हाताला गेले कित्येक आठवडे टेकणं माहीत नाही. तो कपाळाला लागतो, ताप आहे का बघायला. मानेला लागतो. नाकासमोर धरला जातो, श्वास चाललाय ना बघायला. रात्री झोपेत उठून तो बाळाच्या छातीवर जातो. छातीत कातडीखाली पोर्ट आहे, छोटासा गोल उंचवटा, कीमो देण्यासाठी बसवलेला. त्याच्याभोवती लाल झालंय का, सुजलंय का. हात बघून घेतो आणि परत येतो.

तपासणारा हात हवाच. त्याला नावं ठेवू नका. त्या हातानेच गाठ सापडली.

आणि आईला काळजी करू नकोस म्हणणाऱ्यांना, पॉझिटिव्ह राहा म्हणणाऱ्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने काळजी केली नाही तर कोण करणार?

पण तपासणाऱ्या हाताला वेळ ठरवून देता येते. सकाळी थर्मामीटर काखेत, रात्री थर्मामीटर काखेत. अंग तापलेलं वाटलं, बाळ मलूल दिसलं, तर मधेही. तेवढं त्याचं काम.

बाकीचे तास दुसऱ्या हाताचे.

तुमचा हात अजून पोटावर आहे?

राहू द्या.

*

बाळाकडे परत येऊ.

पोट वर येतं. खाली जातं.

आत काय चाललंय? आपल्याला दिसत नाही. ऐकूही येत नाही.

उजवीकडे, पाठीच्या बाजूला, एक मूत्रपिंड आहे. या वयात ते सहा सेंटीमीटरच्या आसपास लांब असतं. आता ते एकटं आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही. तरी येत्या काही महिन्यांत ते हळूहळू थोडं मोठं होईल आणि दोघांचं काम एकट्याने करू लागेल. एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्य काढतो, शाळेत जातो, शेत करतो, म्हातारा होतो.

आत्ता, या क्षणी, ते रक्त गाळतंय.

पागोळी पडते.

गोधडीवर ओलं होतं. दुपटं भिजतं. आई उठते, दुपटं बदलते. हातात ते ओलं, गरम दुपटं घेऊन ती क्षणभर उभी राहते.

तिच्याबरोबर उभे राहा.

या घरात या दिवसांत शू ही बातमी असते. शी तर मोठी बातमी. कीमोच्या औषधाने पोट साफ होत नाही, लेकरू कुंथत राहतं, आणि तिसऱ्या दिवशी काम झालं की बाबांना कामावर फोन जातो. पलीकडून बाबा मोठ्याने म्हणतात, झाली का? शेजारच्या मशीनवरचा माणूस बघत राहतो.

हसू आलं तर येऊ द्या.

*

आता नजर वर न्या. सावकाश. रेघेवरून छातीवर, छातीवरून हनुवटीवर, मिटलेल्या डोळ्यांवर, डोक्यावर.

गुळगुळीत डोकं. टाळूवर एक निळसर शीर दिसते.

जावळ काढायचं होतं.

आजीने कधीचं ठरवलं होतं. वर्षाच्या आत, मामाच्या मांडीवर बसवून. मामाने कपडे घेऊन ठेवले होते. कुलदैवताला बोललेलं होतं.

जावळ कुणी काढलं नाही. ते उशीवर गळलं. दुसऱ्या कीमोनंतर धर्मशाळेत सकाळी आईने बाळाला उचललं तर केस उशीवरच राहिले. मऊ, तपकिरी, कातरी न लागलेले. आईने उशीचा अभ्रा झटकायला घेतला, तर आजीने हात धरला. एक-एक केस वेचून तिने रुमालात बांधला.

तो रुमाल देवघरात आहे. हळदीच्या करंड्यामागे.

तिथे काही करायचं नाही. नुसतं बघायचं. रुमालाची चार टोकं एकमेकांत अडकवलेली. वर कुंकवाचं एक बोट.

दुःख वर आलं तर त्याला जागा द्या. ते श्वासाला अडवत नाही. श्वास त्याच्या बाजूने जातो.

आत.

बाहेर.

पुढे केस येतील. बहुतेक मुलांना कीमो संपल्यावर काही महिन्यांत येतात. कधी पहिल्यापेक्षा वेगळे येतात, दाट, नाहीतर कुरळे. त्यांना जावळ म्हणायचं की नाही, यावर आजी आणि मामा यांचा वाद आत्ताच सुरू झाला आहे. होऊ द्या. घरात असले वाद परत आलेत हे चांगलंच आहे.

*

उंबऱ्यात कुणीतरी आहे.

ताई. सहा वर्षांची, पहिलीतली. सगळे परळला होते तेव्हा ती विट्याला मावशीकडे होती. परत आल्यापासून ती गप्प आहे, नाहीतर एकदम हट्टाला पेटते. आत्ता तिच्या हातात बाहुली आहे. बाहुलीच्या पोटावर तिने लाल स्केचपेनने आडवी रेघ काढली आहे.

तिला आत बोलवू नका. रागावू नका. तिला उंबऱ्यावर उभं राहू द्या. आपण फक्त जागा करून देऊ, गोधडीच्या कडेला, थोडीशी.

ती येते. बसते. लांब.

आणि पोटाकडे बघून हळूच विचारते, मी मारलं होतं म्हणून झालं का?

पागोळी पडायची थांबते की काय असं वाटतं.

आई तिला जवळ घेते. नाही गं, म्हणते. आईच्याही पोटात तसाच एक प्रश्न आहे. तिने तो कुणाला विचारलेला नाही. बाळ पोटात असताना ग्रहण लागलं होतं, आणि तिने त्या वेळात विळीवर भाजी चिरली होती.

इथे थांबा. इथे जास्त वेळ थांबा.

प्रत्येक घरात असा एक न विचारलेला प्रश्न असतो. कुणाला वाटतं दूध कमी पाजलं. कुणाला वाटतं नवस फेडला नाही. कुणाला वाटतं दृष्ट लागली.

त्यांना सगळ्यांना मनातल्या मनात एकदा सांगा, हळू आवाजात:

मारल्याने ही गाठ होत नाही. ग्रहणात चिरल्याने होत नाही. खाण्याने, नजरेने, कुणाच्या शापाने होत नाही. आईच्या पोटात मूत्रपिंड घडत असताना काही पेशी कच्च्या राहून जातात. जन्मानंतर त्या एरवी विरून जायच्या. क्वचित एखाद्या बाळात वाढत राहतात. कुणी केलं नाही. कुणाला थांबवता आलं नसतं.

पुन्हा सांगा.

कुणी केलं नाही.

ताई हात पुढे करते. मागे घेते. हात लावू का, विचारते.

आई म्हणते, हात धुऊन ये.

ताई पळते. न्हाणीत पाण्याचा आवाज. साबणाचा वास घेऊन ती परत येते. ओला, गार हात ती फ्रॉकला पुसणार, तेवढ्यात आई तिच्यापुढे धुतलेला रुमाल धरते.

मग एक बोट. रेघेच्या खाली, बेंबीशेजारी. टेकतं.

बाळ झोपेत पोट आत ओढून घेतं. बोट दचकतं. परत टेकतं.

ताईच्या चेहऱ्याकडे बघा. तिला काय वाटतंय ते आपण ठरवायचं नाही. फक्त बघा.

गरम आहे, ती म्हणते.

*

अंगणात चला. दोनच पावलं.

तुळशीच्या शेजारी सदाफुली आहे. कुणी लावलेली नाही, आपोआप आलेली. गुलाबी पाच पाकळ्या, मध्ये गडद ठिपका. पावसाने पानं धुतली गेलीत.

वाकून बघा.

बाळाला जी कीमो चालू आहे त्यातलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध या झाडापासून मिळतं. मुळात मादागास्करचं झाड. १९६० च्या दशकापासून हे औषध मुलांच्या कर्करोगावर वापरलं जातं. त्याच्या जोडीचं दुसरं औषध, अ‍ॅक्टिनोमायसिन, मातीतल्या जिवाणूंपासून.

आजीला हे दवाखान्यात कळलं. तेव्हापासून ती तुळशीला पाणी घालताना उरलेलं इकडे ओतते.

(आणि कुणी सांगितलं म्हणून सदाफुलीची पानं चावायची नाहीत, काढा करून बाळाला पाजायचा तर नाहीच. झाड विषारी आहे. औषध होतं ते मोजून, गाळून, डॉक्टरांच्या हातून शिरेत गेल्यावर.)

त्याच औषधाने बाळाचे पाय ढिले पडलेत. ऑपरेशनच्या आधी ते खुर्चीला धरून उभं राहायचं. आता राहत नाही. बसतं, पालथं होऊ बघतं, थकतं. ताकद येईल, डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. बाबा रोज संध्याकाळी खुर्ची बाळासमोर आणून ठेवतात. काही म्हणत नाहीत. ठेवतात.

या माणसाबद्दल मला जास्त सांगता येत नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही त्याची होती. तेव्हापासून तो कमी बोलतो. रात्री सगळे झोपल्यावर फाइल काढतो, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावतो, परत ठेवतो. आधीच लावलेले असतात.

त्याच्या शेजारी मनाने जरा बसा. बोलायची गरज नाही.

*

आत या. बाळ चुळबुळतंय.

डोळे उघडतंय. छताकडे बघतंय. मग आवाजाकडे. तोंडाचा चंबू होतो, रडू की नको.

आई वाकते. सवयीने एक हात मानेखाली, एक हात बुडाखाली.

बघत राहा.

ती थांबते.

उजवा हात मानेखालून निघतो. बाळाच्या पाठीमागून काखेखाली जातो. बाळ उभं होतं, हवेत क्षणभर, पाय लोंबते. आणि मग बाजूला. तिच्या डाव्या कमरेवर.

कडेवर.

बाळाचं पोट तिच्या पोटाला लागलंय. रेघ पातळाच्या पदराला लागली आहे. आई श्वास धरून उभी आहे.

तुम्हीही धरला असेल. सोडा.

बाळ रडत नाही. ते तिच्या मंगळसूत्राचा मणी पकडतं आणि तोंडात घालायला बघतं.

वर. खाली. आता दोन पोटं. एकाचं भरभर, एकाचं सावकाश. एकमेकांवर आपटत नाहीत. एकमेकांना वाट देतात.

आजी न्हाणीच्या दारात आली आहे. पाणी तापलंय, म्हणते. या वेळी परत जात नाही. तिने साडी गुडघ्यापर्यंत खोचली आहे.

तेल रेघेवर नको, आई म्हणते.

माहितंय मला, आजी म्हणते.

*

हळूहळू हात पोटावरून काढा. मांडीवर ठेवा. बोटं हलवा. बाहेरचे आवाज येऊ द्या, गाडीचा, भांड्यांचा, कुणाच्या हाकेचा.

उठण्याआधी दोन शब्द.

गौरी-गणपतीसारखा सण तोंडावर आला की अशा घरी बाळाला बघायला जायचं मनात येईल. सर्दी-खोकला असेल, घरात कुणाला गोवर-कांजिण्या असतील, तर जाऊ नका. कीमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा संसर्गही बाळाला झेपत नाही. बरे असाल तर एकटेच जा, हात धुऊन जा, डबा घेऊन जा. बाळाच्या गालाचा मुका घेऊ नका. ताईसाठी काहीतरी न्या. आणि गेल्यावर आईला अर्धा तास झोपायला लावा.

तुमच्याच घरात असं बाळ असेल तर हे तुमच्यासाठी. अंग तापलं, थर्मामीटर १००.४ दाखवू लागला, तर आधी घरचं तापाचं औषध देऊन वाट बघत बसू नका. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग जात नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलने दिलेल्या नंबरावर फोन लावा आणि निघा.

आणि गाठ निघाली, बाळ हसायला लागलं, कडेवर बसायला लागलं, की घराला वाटतं संपलं. संपलेलं नसतं. राहिलेल्या कीमो, आणि नंतरची काही वर्षं ठरलेल्या वेळी सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे, हे उपचाराचेच भाग आहेत. उपचार वेळेवर होऊन पूर्ण झाले तर या आजारातून बहुतेक मुलं बरी होतात. प्रगत देशांत दहातली नऊ. मधेच सोडले तर आजार परत येण्याची भीती वाढते. भाड्याचे पैसे नसतील, राहायची सोय नसेल, रजा मिळत नसेल, तर लाजेने घरी बसू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन सांगा, त्यांचं ते कामच आहे. पण पुढची तारीख चुकवू नका.